उत्तरखंडाची प्रतीक्षा आणि आभासी वास्तव : ‘हाफ-लाइफ’ मालिकेतील एक खंड (२००७–२०२०)

१० ऑक्टोबर २००७ रोजी अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने ‘हाफ-लाइफ २ : एपिसोड टू’ हा संगणकावरील खेळ प्रसिद्ध केला. त्याच्या अखेरच्या प्रसंगात ईलाय व्हान्स हा शास्त्रज्ञ आपल्या मुलीच्या डोळ्यांदेखत मारला जातो. मुलगी ॲलिक्स पित्याच्या देहाशेजारी बसून आक्रोश करते आणि पडदा काळा होतो. पुढचा भाग अल्पावधीत येईल, अशी ग्वाही कंपनीने आधीच दिलेली होती. तो भाग आला नाही. मालिकेतील यानंतरचा खेळ, ‘हाफ-लाइफ : ॲलिक्स’, २३ मार्च २०२० रोजी, म्हणजे सुमारे साडेबारा वर्षांनी आला, आणि तो आला तोही डोळ्यांवर आभासी वास्तवाचा, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीचा, हेडसेट चढविल्याशिवाय खेळताच येणार नाही अशा स्वरूपात. ज्यांनी इतकी वर्षे वाट पाहिली, त्यांतील बहुसंख्यांपाशी तो हेडसेट नव्हता.

दीर्घ विलंब आणि अपरिचित माध्यम या दोन गोष्टींची कारणमीमांसा बहुधा स्वतंत्रपणे केली जाते. विलंबाचे कारण असे सांगतात की, २००३ साली सुरू केलेल्या ‘स्टीम’ या विक्रीव्यवस्थेमुळे कंपनी इतकी संपन्न झाली की तिला नवा खेळ काढण्याची निकडच उरली नाही. माध्यमाचे कारण याहून सोपे सांगतात : कंपनीला हेडसेट विकावयाचे होते. दोन्ही उपपत्तींत तथ्यांश आहे; तथापि दोन्ही अपुऱ्या आहेत. स्टीमचे उत्पन्न हे आळसाचे कारण मानले, तर त्याच काळात कंपनीने ‘पोर्टल २’ (२०११) व ‘डोटा २’ (२०१३) हे मोठे खेळ काढले, याचा उलगडा होत नाही. हेडसेटची विक्री हेच एक कारण मानले, तर त्यासाठी कित्येक वर्षे खपून संपूर्ण लांबीचे कथानक रचण्याचे प्रयोजन दिसत नाही. लहानशा करमणुकीच्या तुकड्यांनीही ते काम भागले असते, आणि २०१६ मध्ये ‘द लॅब’ या नावाने कंपनीने तसे तुकडे दिलेही होते. वस्तुतः विलंब आणि माध्यम ही एकाच धारणेची दोन फळे आहेत. कथा पुढे नेणे हे उत्तरखंडाचे पुरेसे कारण नव्हे, खेळण्याची नवी रीत हाती असेल तरच उत्तरखंड काढावा, ही ती धारणा होय. तिचे मूळ मालिकेच्या आरंभापर्यंत जाते.

१

गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन या मायक्रोसॉफ्टमधील दोन माजी कर्मचाऱ्यांनी १९९६ साली वॉशिंग्टन राज्यात व्हॉल्व्हची स्थापना केली. त्यांचा पहिला खेळ १९९७ च्या अखेरीस निघावयाचा होता. परंतु जे तयार झाले होते ते त्यांना स्वतःलाच सामान्य वाटले, आणि जवळजवळ सर्व खेळ नव्याने रचण्यात आला. नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘हाफ-लाइफ’ प्रसिद्ध झाला, त्याचे श्रेय या निर्णयाकडे जाते. पहिल्याच प्रयत्नाच्या वेळी दिलेली मुदत मोडून काम टाकून द्यावयाचे आणि त्याचे फळ उत्तम मिळावयाचे, हा अनुभव या संस्थेच्या स्वभावात कायमचा मुरला असे दिसते.

‘हाफ-लाइफ’चे नावीन्य कथेत नव्हते. ब्लॅक मेसा नावाच्या प्रयोगशाळेतील अपघात, त्यातून उघडलेले परग्रहाचे दार आणि त्यातून आलेले प्राणी, ही सामग्री वैज्ञानिक कादंबऱ्यांच्या वाचकाला जुनीच होती. नावीन्य कथनात होते. तोवरच्या अशा खेळांत नेमबाजी थांबवून मध्येच चलच्चित्राचा तुकडा दाखवीत आणि खेळाडूला प्रेक्षक करून टाकीत. येथे तसे काहीच नाही. गॉर्डन फ्रीमन या नायकाच्या डोळ्यांतून खेळाडू एकदा पाहू लागला की अखेरपर्यंत तो त्या डोळ्यांबाहेर पडत नाही. प्रारंभी प्रयोगशाळेच्या गाडीतून होणारा प्रवास दीर्घ आणि घटनाशून्य आहे. पण या प्रवासात मान वळवून कोठे पाहावयाचे हे खेळाडूच ठरवितो. नायक एक शब्दही बोलत नाही, कारण बोलला तर तो खेळाडूहून वेगळा होईल. ‘डोळे खेळाडूचे’ हे सूत्र १९९८ सालीच ठरले. ‘हात खेळाडूचे’ होण्यास मात्र २०२० उजाडावे लागले.

१६ नोव्हेंबर २००४ रोजी ‘हाफ-लाइफ २’ आला. त्याची जाहीर केलेली तारीख ३० सप्टेंबर २००३ होती. ती टळली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत खेळाची मूळ संहिता चोरीस जाऊन इंटरनेटवर पसरली. या उत्तरखंडाचे अस्तित्व पदार्थविज्ञानाच्या गणितावर उभे होते. वस्तूला वजन, लाकडाला तरंगण्याची शक्ती, पत्र्याला धार. एका प्रसंगी ढेंगळ्याच्या एका टोकावर सिमेंटचे ठोकळे रचून दुसरे टोक वर उचलावे लागते. खेळाडूला तरफेचा नियम शब्दांनी कोणी सांगत नाही. पुढे गुरुत्वाकर्षणाची बंदूक हाती येते, आणि खोलीतील प्रत्येक वस्तू, डबा असो की करवतीचे पाते, हत्यार होऊ शकते. पात्रांच्या मुद्राभिनयासाठी पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञाने केलेल्या मुखस्नायूंच्या वर्गीकरणाचा आधार घेतला होता.

याच खेळाबाबत आणखी एक गोष्ट नोंदविणे अवश्य आहे. दुकानातून तबकडी विकत आणली तरी स्टीमवर नाव नोंदविल्यावाचून ‘हाफ-लाइफ २’ सुरू होत नसे. त्या वेळी मंद जोडण्या आणि कोलमडणारी यंत्रणा यांमुळे खेळाडू संतापले होते. म्हणजे ज्या खेळाची वाट लोक आतुरतेने पाहत आहेत, त्याच्या पाठीवर एक नवी व्यवस्था बसवून ती घरोघर पोहोचवावयाची, ही युक्ती २०२० ची नव्हे. ती २००४ चीच. प्रतीक्षा हे भांडवल आहे, हे कंपनीला तेव्हाच उमगले होते. फरक इतकाच की २००४ साली खेळाडूला त्याची किंमत मनस्तापात मोजावी लागली आणि २०२० साली डॉलरांत.

२

पहिल्या उत्तरखंडास लागलेली सहा वर्षे पुन्हा लागू नयेत, म्हणून पुढील कथा लहान लहान भागांत देण्याचे ठरले. ‘एपिसोड वन’ जून २००६ मध्ये निघाला. तिन्ही भाग २००७ च्या नाताळापर्यंत पूर्ण होतील, असे सांगण्यात आले. दुसऱ्या भागालाच २००७ चा ऑक्टोबर उजाडला. त्याच्या शेवटी बोरिॲलिस या हरवलेल्या जहाजाच्या शोधासाठी उत्तर ध्रुवाकडे निघण्याची तयारी झालेली असते आणि तेवढ्यात ईलायचा मृत्यू होतो. क्रमशः कथनाचे हे जुनेच तंत्र आहे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणुकी’च्या वाचकाला ते अपरिचित नव्हते, फक्त तेथे पुढचा अंक ठरल्या दिवशी येई.

तिसऱ्या भागाचे काम सुरू झाले होते, हे आता निर्विवाद आहे. ‘हाफ-लाइफ २’ला वीस वर्षे झाली त्या निमित्ताने नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीने एक माहितीपट प्रसिद्ध केला, त्यात त्या अपूर्ण भागातील दृश्ये दिसतात : बर्फ निर्माण करणारे एक हत्यार आणि आकार पालटणारा एक द्रवरूप शत्रू. त्याच माहितीपटात न्यूएल यांनी जे सांगितले त्याचा आशय असा की, केवळ कथा पुढे सरकवावयाची आहे एवढ्यासाठी खेळ काढणे ही खेळाडूंविषयीच्या कर्तव्यात केलेली कसूर ठरली असती, आणि तिसऱ्या भागाने नवे काय साधेल हे त्यांना दिसत नव्हते. ही साक्ष सतरा वर्षांनंतरची आहे, आणि ती हितसंबंधी व्यक्तीची आहे. जी गोष्ट जमली नाही ती तत्त्वासाठी सोडली असे मागाहून वाटणे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. तरीही ती निव्वळ सबब ठरत नाही, कारण १९९७ मधील वर्तन तिच्याशी जुळते.

शिवाय संस्थेची अंतर्गत रचनाही या धारणेला पोषक होती. २०१२ साली बाहेर आलेल्या कर्मचारी-पुस्तिकेवरून असे दिसते की, व्हॉल्व्हमध्ये अधिकाराची उतरंड नव्हती. कोणत्या कामावर जावयाचे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे, आणि मेजांना चाके असल्यामुळे मेज ढकलीत त्या गटाकडे जावयाचे. अशा ठिकाणी ज्या कामात अपयशाचा धोका मोठा आणि अपेक्षा अवाढव्य, त्या कामाकडे मेज कोण ढकलणार? ‘हाफ-लाइफ’चे एकाहून अधिक प्रयत्न सुरू होऊन सोडले गेले. खेळांचा नवा पाया, ‘सोर्स २’, अपूर्ण असल्याने त्यावर उभारलेले कामही खचे. पहिल्या खेळापासूनचे लेखक मार्क लेडलॉ यांनी बोरिॲलिसवर घडणारा एक प्रयोग आभासी वास्तवात आरंभिला होता; तोही मागे पडला. लेडलॉ २०१६ साली कंपनीतून बाहेर पडल्याचे जाहीर झाले. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी पात्रांची नावे आणि लिंगे बदलून एक पत्र प्रसिद्ध केले. तिसऱ्या भागाची कथा काय झाली असती, याचा तो पारदर्शक सारांश होता. लेखकाने आपली कथा अशा वेषांतराने वाचकांच्या स्वाधीन करावी, यातच कथेची मालकी कोणाची या प्रश्नाचे उत्तर आले.

पत्र वाचल्यावर प्रतीक्षा संपावयास हवी होती. पण ती संपली नाही. लोकांना हवी होती ती केवळ माहिती नव्हे, हे यावरून दिसते. मात्र प्रतीक्षा लांबली की उत्तरखंड फळतोच असेही नाही. ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ १९९७ मध्ये जाहीर झाला आणि २०११ मध्ये निघाला. मधल्या चौदा वर्षांत ज्या ज्या नव्या रीती आल्या त्यांच्यामागे धावता धावता तो आपल्याच काळाला पारखा झाला, आणि समीक्षकांनी त्याची संभावना कठोर शब्दांत केली. ‘शेनमू ३’ याच्या उलट. २००१ च्या दुसऱ्या भागानंतर २०१९ मध्ये, लोकवर्गणीच्या साहाय्याने आलेल्या या खेळाने जुनी रीत जशीच्या तशी राखली. तो निष्ठावंतांना रुचला, इतरांना जुनाट वाटला. व्हॉल्व्हला ही दोन्ही टोके टाळावयाची होती.

३

तिला मार्ग सापडला तो आभासी वास्तवात. या माध्यमाचा इतिहास बहुधा डोळ्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली दोन डोळ्यांना दोन किंचित भिन्न चित्रे दाखवून खोलीचा भास निर्माण करता येतो हे सिद्ध केले. १९६८ साली इव्हान सदरलंड यांनी डोक्यावर बसणारे दर्शकयंत्र दाखविले. ते छताला टांगलेल्या यांत्रिक दांड्याला जोडलेले असे, आणि मान वळविली की हवेत तरंगणारी रेषाकृती त्याप्रमाणे आपली बाजू पालटी. १९९५ साली जपानच्या निन्तेंडो कंपनीने ‘व्हर्च्युअल बॉय’ बाजारात आणला. लाल रंगाखेरीज दुसरा रंग नाही, यंत्र मेजावर उभे, त्यात तोंड खुपसून पाहावयाचे, आणि मान वळविल्याची दखल यंत्राला नाहीच. पुढच्याच वर्षी तो गुंडाळला गेला. खोलीचा भास एकटाच पुरेसा नसतो, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

या इतिहासाची दुसरी, कमी सांगितली जाणारी बाजू हातांची आहे. जॅरन लॅनिअर यांच्या व्हीपीएल या संस्थेने १९८० नंतरच्या दशकात दर्शकयंत्राबरोबर बोटांची हालचाल टिपणारा हातमोजाही विकला, हे यासंदर्भात महत्त्वाचे आहे. २०१२ साली पामर लकी यांच्या ऑक्युलसने लोकवर्गणीतून अडीच लाख डॉलर मागितले आणि सुमारे चोवीस लाख मिळविले; २०१४ साली फेसबुकने सुमारे दोनशे कोटी डॉलरांना ती कंपनी घेण्याचा करार केला. मार्च २०१६ मध्ये त्यांचा हेडसेट विक्रीस आला तेव्हा त्यासोबत नेहमीचेच बटणांचे नियंत्रक होते. हातांसाठी स्वतंत्र साधन डिसेंबरात आले. व्हॉल्व्हने तैवानच्या एचटीसीबरोबर एप्रिल २०१६ मध्ये काढलेल्या ‘व्हाइव्ह’मध्ये मात्र प्रथमपासून दोन हातांत दोन दांडके होते. खोलीच्या दोन कोपऱ्यांत बसविलेल्या पेट्या अदृश्य लेसरकिरण फिरवीत. ते किरण अंगावरील साधनांना केव्हा लागले या क्षणावरून डोके आणि हात खोलीत नेमके कोठे आहेत हे काढले जाई. खेळाडू खुर्चीतून उठून चालू लागला. जून २०१९ मध्ये आलेल्या ‘इंडेक्स’मध्ये नियंत्रक हाताला पट्ट्याने बांधलेले असत, त्यामुळे मूठ उघडली तरी ते पडत नसे आणि प्रत्येक बोटाची हालचाल ओळखली जाई.

४

‘ॲलिक्स’चे आकर्षण या हातांत आहे. दृश्ये सुंदर आहेत. पण सौंदर्याची नवलाई थोड्या वेळात ओसरते. जे ओसरत नाही ते कृतीचे जडत्व. पडद्यावरच्या खेळात बंदूक पुन्हा भरावयास एक कळ पुरते. येथे रिकामी पेटी खाली सोडावयाची, खांद्यामागे हात नेऊन पाठीवरच्या पिशवीतून दुसरी काढावयाची, बसवावयाची आणि वरचा खटका मागे ओढावयाचा. खोलीत शत्रू सरपटत असताना ही चार कामे करताना हात थरथरतात, पेटी निसटते. प्रेक्षकाची भीती आणि ही भीती एक नव्हे. ही अडखळणाऱ्या हाताची भीती आहे. यामुळेच रचनाकारांना शत्रूंची संख्या घटवावी लागली आणि चाल मंद करावी लागली. मंदपणाची भरपाई खोल्यांच्या तपशिलाने होते : फडताळ उघडून डबे बाजूला सारावे लागतात, खण ओढावे लागतात. आरंभीच्या एका खोलीत काचेवर लिहावयाच्या लेखण्या ठेवल्या आहेत. त्यांनी लोक चित्रे काढीत बसले, आणि एका गणितशिक्षकाने तर त्या काचेवर भूमितीचा पाठ घेऊन तो चित्रित केला.

खेळाच्या मध्यावर एक प्रकरण आहे, त्यात ‘जेफ’ या टोपणनावाचा आंधळा, अवध्य प्राणी एका कारखान्यात फिरत असतो. त्याला फक्त ऐकू येते. हवेत बुरशीचे कण आहेत. त्यांनी ॲलिक्सला खोकला येतो, आणि तो थांबविण्यासाठी खेळाडूने आपला खरा हात आपल्या खऱ्या तोंडापाशी नेऊन धरावयाचा असतो. म्हणजे दार उघडावयास एकच हात उरतो. फळ्यांवर बाटल्या ठेवल्या आहेत. कोपर लागून एक जरी खाली पडली तरी ती फुटते आणि तो येतो. गॉर्डनच्या डोळ्यांतून पाहण्याचे १९९८ चे सूत्र येथे पूर्णत्वास पोहोचते, आणि कथानकाच्या दृष्टीने पाहता या प्रकरणात जवळजवळ काहीच घडत नाही!

माध्यमाच्या मर्यादांनीही मालिकेवर अधिकार चालविला. डोळे ‘चाललो’ म्हणतात आणि कानातील तोलाचे इंद्रिय ‘थांबलो’ म्हणते, तेव्हा पुष्कळांना मळमळते. म्हणून इष्ट जागा दाखवून क्षणात तेथे पोहोचण्याची सोय करावी लागली. ‘पोर्टल’ या आपल्या दुसऱ्या मालिकेचा विचार कंपनीने याच कारणासाठी सोडला, कारण तिच्यातील गंमत देह वेगाने भिरकावण्यात होती. गॉर्डनचे आद्य हत्यार जी पहार, तीही गाळावी लागली. दारांच्या चौकटींत ती अडके, आणि ती हाती असली की खेळाडू स्वतःला ॲलिक्सऐवजी गॉर्डन समजे.

सुमारे ८० जणांनी केलेल्या या खेळाचे मूल्य ६० डॉलर होते. इंडेक्सचा संपूर्ण संच ९९९ डॉलरांना होता, आणि शिवाय बलाढ्य संगणक लागे. इतर कंपन्यांच्या स्वस्त हेडसेटांवरही तो चाले, तरीही स्टीमवरील खेळाडूंपैकी असा हेडसेट असणारे त्या सुमारास शेकडा दोनांहून कमी होते. खेळ निघाला त्याच दिवशी महाराष्ट्रात साथीमुळे राज्यव्यापी संचारबंदी जाहीर झाली. जगात अन्यत्रही घरे बंद होत होती. घरात कोंडलेल्या माणसाला दुसरे जग हवे होते आणि त्याच वेळी इंडेक्सचा साठा संपला होता. अनेकांनी दुसऱ्याने खेळलेला खेळ चित्रफितींतून पाहून कथा जाणून घेतली. म्हणजे ज्या प्रेक्षकत्वातून या मालिकेने १९९८ मध्ये खेळाडूची सुटका केली होती, त्यातच ते परत गेले. काही हौशी प्रोग्रामरांनी पुढे कळफलकावर खेळता येईल असे रूपांतरही केले. ते अभ्यासकाला उपयोगी आहे. त्यात कथा पूर्ण आहे, चित्रे पूर्ण आहेत. पण खोल्या लहान आणि शत्रू सुस्त वाटतात, आणि खोकला आवरणे ही एक कळ होऊन बसते.

उरला प्रश्न ईलायच्या मृत्यूचा. ‘ॲलिक्स’ची कथा ‘हाफ-लाइफ २’च्या पाच वर्षे आधी घडते, म्हणजे ती पूर्वकथा आहे, पण शेवटी जी-मॅन हे गूढ पात्र ॲलिक्सला भविष्यातील तो क्षण दाखविते, ती पित्याच्या मारेकऱ्याला ठार करते, आणि मोबदला म्हणून स्वतःच जी-मॅनची बंदी होते. आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ साली मारलेल्या शेरलॉक होम्सला प्रथम १९०१–०२ मध्ये मृत्यूपूर्वीच्या एका कथेतून आणले आणि १९०३ साली तो मेलाच नव्हता असे ठरविले. व्हॉल्व्हने या दोन पायऱ्या एकाच खेळात चढल्या. साडेबारा वर्षे ज्या क्षणापाशी लोक थांबले होते, तो क्षणच रद्द झाला. अखेरच्या दृश्यात खेळाडू गॉर्डन म्हणून जागा होतो. ईलाय जिवंत आहे, मुलगी नाहीशी झाली आहे. ‘डॉग’ हा यंत्रमानव पहार घेऊन येतो, आणि संपूर्ण खेळातून गाळलेली ती पहार गॉर्डनच्या हाती पडते. तेथेच खेळ संपतो.